पेटीवाल्यांचा डावा हात

(दृश्य: ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड, कॅमेरा वरून. उजवा हात चाललाय, डावा मांडीवर.)

उजवा हात बघा. पलटे, छोट्या ताना, मधेच एखादी नाट्यपदातली जागा, सगळं कसं सहज चाललंय, बोटं बघून कुणीही सांगेल की ह्या काकूंनी भजनी मंडळात वर्षानुवर्षं पेटी वाजवलीय. आता डावा बघा. मांडीवर गप्प बसलाय. त्याचं तरी काय चुकलं म्हणा, त्याला आजवर एकच काम होतं, भाता मारायचं, आणि कीबोर्डला भाताच नाही.

पेटीवरून पियानोकडे येणाऱ्या जवळपास प्रत्येकाचं हेच होतं. उजव्या हाताने गाणं येतं, पण ते एकटं एकटं वाटतं, खाली काहीच नाही असं. त्या खालच्या जागेत कॉर्ड येते, आणि ती डाव्या हाताने वाजवायची, म्हणजे रिकाम्या हाताला कामही मिळालं.

कॉर्ड म्हणजे तीन किंवा जास्त स्वर एकदम. आपल्या संगीतात हे फारसं नाही, आपल्याकडे एका स्वरातून दुसरा निघतो आणि खाली तंबोरा षड्ज-पंचम धरून असतो तेवढंच. पण म्हणून कॉर्ड अवघड आहे असं मुळीच नाही. पांढरी एक हा सा धरा. तिथून काळी-पांढरी एकही न सोडता चार पट्ट्या पुढे गेलात की शुद्ध ग, तिथून तीन पट्ट्या पुढे प. सा ग प एकदम दाबा, झाली सी मेजर, कारण पांढऱ्या एकचं पाश्चात्य नाव सी. चार आणि तीन, एवढाच हिशोब. आता तोच हिशोब उलटा करा, आधी तीन मग चार, ग कोमल झाला, आणि ही झाली सी मायनर. मेजर म्हणजे आनंदी आणि मायनर म्हणजे उदास असं सगळीकडे शिकवतात, ते अर्धंमुर्धंच खरं आहे, आपल्या कानाला तर त्यापेक्षा शुद्ध गंधार की कोमल गंधार एवढं सांगितलेलं पुरतं.

(दृश्य: बोट काळ्या पट्टीवर जातं.)

आणि हे कुठल्याही पट्टीपासून चालतं. समजा तुमचा सा काळी एक आहे. चार पुढे मोजा, पांढरी चार येते, तिथून तीन मोजा, काळी चार. झाली कॉर्ड, नाव नाही आलं तरी चालेल. कीबोर्डवर ट्रान्स्पोजचं बटण असतं, त्याने सगळं पांढऱ्या एकवरून वाजवून हव्या त्या सुरात ऐकता येतं, आणि सुरुवातीला ते खुशाल वापरा, फक्त कधी कुणाच्या घरी खरा लाकडी पियानो समोर आला तर तिथे ते बटण नसणार हे लक्षात ठेवा.

हा हिशोब बाराही ठिकाणी सारखा लागतो कारण सप्तकाचे बारा भाग अगदी समान केलेत. त्याची किंमतही आहे. दोन लागोपाठच्या पट्ट्यांमधल्या अंतराचे १०० भाग केले तर पियानोचा शुद्ध ग हा तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या ग पेक्षा साधारण १४ भाग चढा असतो. पेटीवर आपल्याकडे जो रोष होता त्यातलं एक कारण हेच, मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अलगद घसरत जाणं, निघत नाही हे दुसरं. १९४० साली आकाशवाणीने पेटीवर चक्क बंदी घातली, ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. तेव्हा तुमचा कान तयार असेल आणि कॉर्डमधला ग किंचित टोचला, तर तो टोचणारच, पण चार-सहा दिवसांत सवय होते.

(दृश्य: डाव्या हाताचा क्लोजअप.)

आता काकूंचा डावा हात. करंगळी सा वर, मधलं बोट ग वर, अंगठा प वर. बघा काय होतंय. अंगठा धपकन पडतोय, करंगळीचा आवाज येतच नाहीये, आणि अनामिका न सांगता मधल्याच पट्टीवर जाऊन बसलीय. पेटीत आवाज किती यायचा ते भाता ठरवतो, बोटाने पट्टी हळू दाबा नाहीतर जोरात, फरक नाही. पियानोत पट्टी जितक्या वेगाने खाली जाईल तितक्या जोरात आतली हातोडी तारेवर बसते, चांगल्या कीबोर्डवरही तीच नक्कल केलेली असते. त्यामुळे तीन बोटं एकाच वेळी आणि एकाच वजनाने उतरवणं हीच पहिल्या आठवड्यातली खरी मेहनत, बाकी थिअरी वगैरे चहा पिता पिता होते. मनगट सैल ठेवायचं, हात वरून आपटायचा नाही, पट्ट्यांना बोटं टेकवून ठेवायची आणि तिथूनच दाबायचं. अजून एक, पेटीचा स्वर भाता चालू आहे तोवर टिकतो, पियानोचा दाबल्याक्षणीच विरायला लागतो, मग नवीन लोक घाबरून पुन्हा पुन्हा दाबत सुटतात. विरू द्या ना, काय बिघडतंय.

पहिल्या तीन कॉर्ड कुठल्या, तर सी, एफ आणि जी. सा ग प, म ध सां आणि प नि रें. ह्या तिघींत मिळून सातही शुद्ध स्वर येतात, म्हणजे बिलावल थाटातली साधी चाल असेल तर तिच्या प्रत्येक स्वराला तिघींपैकी एक तरी कॉर्ड सापडतेच. कुठली कधी लावायची ते पुस्तकात शोधत बसू नका. गाणं समेवर, म्हणजे ठेक्याच्या पहिल्या मात्रेवर येतं तिथला स्वर बघा. ग असेल तर सी. म किंवा ध असेल तर एफ. रे किंवा नि असेल तर जी. सा वर असाल तर सी आणि एफ दोन्ही लावून बघा, प वर असाल तर सी आणि जी, कानाला जी बरी वाटेल ती ठेवा. मला विचाराल तर इथेच मजा आहे, कारण दोन्ही बरोबर असतात आणि निवड तुमची असते.

आता सी वरून एफ ला जायचं म्हणून काकू अख्खा हात उचलून पुढे नेतायत, तोवर गाणं पुढे निघून जातं. उडी मारायची गरजच नाही. म ध सां ऐवजी सा म ध असं घ्या, स्वर तेच, फक्त क्रम वेगळा. करंगळी सा वरून हलवायचीच नाही, बाकीची दोन बोटं शेजारी सरकवायची. जी साठी अंगठा प वर तसाच ठेवा आणि खाली मंद्र नि आणि रे घ्या. स्वरांचा क्रम बदलला तरी कॉर्ड तीच राहते ही गोष्ट पद्धतशीर मांडली ती रामो नावाच्या फ्रेंच संगीतकाराने, १७२२ सालच्या त्याच्या हार्मनीवरच्या ग्रंथात. आणि त्याही आधीपासून युरोपात कीबोर्डवाल्यांसमोर नुसती खालच्या स्वरांची ओळ आणि तिच्यावर आकडे असा कागद यायचा, वरच्या कॉर्ड त्यांनी जागच्या जागी भरायच्या. त्यामुळे कॉर्डवरून पियानो शिकणं म्हणजे शॉर्टकट, असं कुणी नाक मुरडून म्हणालं तर मनावर घेऊ नका. हां, मोझार्ट किंवा शोपँ वाजवायचाय तर नोटेशन वाचायला शिकावंच लागेल, त्याला इलाज नाही.

(दृश्य: धोबीतलावचा रस्ता, जुन्या इमारती.)

आपल्या गाण्यांखाली कॉर्ड आल्या कुठून हे बघायचं तर मुंबईत धोबीतलावला यावं लागतं. पोर्तुगीज काळात गोव्यातल्या चर्चच्या शाळांमध्ये मुलांना सोल्फेज, म्हणजे नोटेशन बघून स्वर गाणं, आणि व्हायोलिन शिकवायचे, तिथून तयार झालेले वादक मुंबईत आले, इथल्या गावच्या क्लबांत म्हणजे कुडांमध्ये राहिले, हॉटेलांच्या बँडमध्ये वाजवलं आणि तिथून सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात शिरले. संगीतकार चाल बांधायचे आणि तिच्याभोवतीचं वाद्यांचं लिखाण बऱ्याचदा हे गोवेकर करायचे. शंकर-जयकिशन यांच्यासोबतचे सेबॅस्टियन डिसूझा, किंवा माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, ज्यांच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले. पोस्टरवर ही नावं क्वचितच दिसायची. पण त्यांच्यामुळे जुनी गाणी ऐकणाऱ्या प्रत्येक मराठी घरात कॉर्ड आधीच कानात बसलेली आहे, ती फक्त बोटात यायची राहिलीय.

(दृश्य: परत कीबोर्ड. मागे दादऱ्याचा ठेका.)

तीन कॉर्ड बसल्या की ठेका. दादरा घ्या, धा धी ना, धा ती ना. धा वर करंगळीने एकच स्वर, धी आणि ना वर उरलेली दोन बोटं, परत धा वर करंगळी. केरव्यात पहिल्या आणि पाचव्या मात्रेवर करंगळी, तिसऱ्या आणि सातव्यावर बाकीची दोन. तबल्याची सवय आहे त्यांना हे लगेच जमतं. फक्त हात फार खर्जात नेऊ नका, तिथे तीन स्वर एकत्र गढूळ ऐकू येतात. आणि कीबोर्डवर एका बोटात अख्खी कॉर्ड आणि वर ड्रम वाजवून देणारी जी सोय असते ती कृपा करून बंद ठेवा, गणपतीत वाजवायला छान आहे, पण तिने डावा हात परत मांडीवरच जाऊन बसतो.

आता रागांचं. भूप वाजवताय तर सी मेजर आणि ए मायनर, म्हणजे सा ग प आणि ध सा ग, ह्या दोन्ही कॉर्ड पूर्ण रागातल्याच स्वरांच्या आहेत, बिनधास्त वाजवा. पण रे वर आलात आणि जी लावलीत की वर्ज्य नि हळूच आत शिरला. भजनात कुणी काही बोलणार नाही, जुन्या जाणकारांसमोर मात्र भुवया वर जातील, तिथे रे खाली नुसता प धरून राहिलेलं बरं. यमनात तर एफ चालतच नाही, म तीव्र आहे ना. मग तीव्र म असलेली कॉर्ड घ्यायची, रे, तीव्र म, ध, मोजून बघा, तेच चार आणि तीन, डी मेजर. काकू आत्ता तेच करतायत, मधलं बोट अजून चुकून शुद्ध म कडे जातंय, कारण दोन आठवडे एफ घोटलाय, पण इथे अंगठा ध वरच राहतो आणि मधल्या बोटाला काळी तीनवर जायचंय.