एकच दाढ, चार सल्ले

श्रोतेहो, नमस्कार.

समजा, तुमच्या एका दाढेचं रूट कॅनाल होऊन पाच-सहा वर्षं झाली आहेत. दुखत काहीच नाही. शेजारच्या दातासाठी एक्स-रे काढला आणि त्यात या दाढेच्या मुळाच्या टोकाशी काळसर डाग दिसला, म्हणजे तिथलं हाड कमी झालेलं दिसलं. एक डॉक्टर म्हणतात, रूट कॅनाल पुन्हा करू. दुसरे म्हणतात, हिरडी उघडून मुळाचं टोक कापू. तिसरे दात काढून इम्प्लांट सुचवतात, आणि चौथे म्हणतात, वर्षभर थांबून बघू. अशा वेळी माणसाला वाटतं, यातलं कोणीतरी आपल्याला फसवतंय.

बहुतेक वेळा कोणी फसवत नसतं. प्रत्येक जण आपल्या शिक्षणाने दिलेल्या नजरेनं तो डाग बघत असतो.

ज्यांनी मुळांच्या नलिकांवरच विशेष शिक्षण घेतलं, त्यांना आधी प्रश्न पडतो : एखादी नलिका राहून गेली का? वरच्या पहिल्या दाढेत गालाकडच्या पुढच्या मुळात बऱ्याचदा दोन नलिका असतात आणि दुसरी सहज निसटते. मायक्रोस्कोपखाली ती शोधायची सवय असलेल्या हाताला हा दात वाचण्यासारखा दिसतो. कृत्रिम दात आणि कॅप यांचं शिक्षण घेतलेले डॉक्टर मात्र हिरडीच्या वर किती दात शिल्लक आहे ते पाहतात. कॅपला घट्ट धरायला चांगल्या दाताची साधारण 2 मिलिमीटर उंचीची कड लागते. ती नसेल, तर खाली नलिका कितीही सुंदर भरली तरी उपयोग काय? त्यांचंही चूक नाही.

‘थांबू’ या शब्दाची मला जास्त काळजी वाटते. डाग आधीपेक्षा लहान झाला असेल, तर थांबणं हाच योग्य उपचार असू शकतो. हाड सावकाश भरतं. युरोपातल्या तज्ज्ञांच्या संस्थेची 2006 ची मार्गदर्शक तत्त्वं 4 वर्षांपर्यंत लक्ष ठेवायला सांगतात. पण जुनी भरण काढण्याचा सराव नाही म्हणूनही ‘थांबू’ म्हटलं जातं. पेशंटला दोन्ही सारखंच ऐकू येतं.

आणि मुळात तो डाग सगळ्यांना सारखा दिसतो का? 1972 साली गोल्डमन आणि सहकाऱ्यांनी 253 दातांचे एक्स-रे 6 तपासनीसांना दाखवले. रूट कॅनाल यशस्वी की अयशस्वी, यावर सहाही जणांचं एकमत निम्म्याहून कमी दातांबाबत झालं. पुढे त्यांच्यातल्या काहींना तेच एक्स-रे परत दाखवले, तेव्हा स्वतःच्याच आधीच्या मताशीही ते प्रत्येक वेळी जुळले नाहीत.

म्हणून डॉक्टरांना मोकळेपणानं विचारा : हा दात वाचवायचा असेल तर ते काम तुम्ही नेहमी करता, की दुसऱ्या कोणाकडे पाठवाल? दात काढायचा तर नेमका कशामुळे? मुळाला उभी चीर आहे, की वर दातच उरला नाही? चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नांचा राग येत नाही.

सूज, पू किंवा ताप असेल तर मात्र मतं गोळा करत बसू नका, लगेच जा. आणि जाताना जुना एक्स-रे बरोबर न्या. डाग वाढतोय की भरून येतोय, हे एका फोटोवरून कुणालाच सांगता येत नाही, मग शिक्षण कितीही असो.

नमस्कार.