पेटी आली कुणाच्या पगारावर?

(दादरमधल्या एका सभागृहात वादक, गायक आणि रसिकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

संयोजकांनी विषय पक्का करताना फोनवर जरा आवाज खाली आणून विचारलं, "ताई, बायकांवरच्या विनोदांबद्दल बोलाल ते ठीक आहे, पण हसवालसुद्धा ना?" म्हटलं, हसवायचं काम विनोदच करतील. समोर इतके पेटीवाले, तबलेवाले, गिटारवाले बसलेत की मी नुसती सुरुवात करायची, शेवट तुम्हीच म्हणाल. करून बघू. नवीन पेटी घेतली तर घरी काय सांगायचं? (सभागृहातून : "दुरुस्तीला टाकलेली परत आली!") बघा. मागच्या रांगेतूनसुद्धा आलं.

गिटारवाल्यांची आवृत्ती वेगळी. सगळ्या गिटारी एकाच रंगाच्या घ्यायच्या आणि भिंतीवर एकच टांगायची, म्हणजे बायको मोजत नाही. आणि सगळ्यांत गाजलेला म्हणजे, "देवा, मी गेल्यावर बायकोनं माझ्या गिटारी मी तिला सांगितलेल्या किमतीला विकू नयेत." हा विनोद जगभर फिरतो. सायकलवाले गिटारीच्या जागी सायकल घालतात, फोटोवाले कॅमेऱ्याची लेन्स, मासे पकडणारे गळ. वस्तू बदलते, बायको तीच राहते. मला या विनोदात आवडतं ते इतकंच, की माणसाला मरताना काळजी पडली आहे ती गिटारीच्या भावाची.

हे आपल्याकडचंच आहे असं समजू नका. अमेरिकेत ‘स्टिरिओफाइल’ नावाचं ध्वनियंत्रणांचं मासिक निघतं. त्यात 1983 साली लॅरी ग्रीनहिल या समीक्षकानं एक माप छापलं : स्पीकर घरात आणला तर तो जोडीदाराला कितपत चालेल? कल्पनेचं श्रेय त्यानं लुईस लिपनिक या सहकाऱ्याला दिलं. लिपनिकच्या मते या गोष्टीचं मूळ 1950 च्या दशकात होतं, जेव्हा स्पीकर कपाटाएवढे असत आणि बैठकीची खोली गिळून टाकत. ग्रीनहिलनं लिहिलं होतं ‘जोडीदार’. म्हणजे नवरा की बायको, ते मोकळं ठेवलं होतं. लोकांच्या तोंडी बसली ती मात्र बायकोच. पुढे 1990 च्या दशकात ‘स्टीली डॅन’ या अमेरिकन रॉक बँडचा वॉल्टर बेकर यानं गिटारी घेत सुटण्याला रोगाचं नाव दिलं. तेही आज सगळीकडे चालतं. तर असा हा रोग. रोग त्याला, पथ्य तिला.

आता मुंबईत येऊ या, कारण मला बोलायचंय ते इथल्या घरांबद्दल.

ताडदेवचं फिल्म सेंटर, वांद्र्याचं मेहबूब, फेमस या स्टुडिओंत सिनेमाच्या एकेका गाण्याला व्हायोलिनांच्या रांगा बसायच्या तो काळ इथल्या ज्येष्ठ वादकांनी पाहिलाय. मग सिंथेसायझर आला. 1980 च्या दशकात हळूहळू आणि नंतर धडाधड, एक कीबोर्डवाला पंचवीस जणांचं काम करू लागला. ज्यांचे हात दिवसाला दोन सिटिंग, म्हणजे दोन रेकॉर्डिंगं वाजवत होते ते लग्नाच्या ऑर्केस्ट्रात, शाळेच्या गॅदरिंगमध्ये, शिकवण्यांत गेले. त्या दिवसांत मी ज्या ज्या वादकांच्या घरी जात असे, गिरगावात, लालबागला, डोंबिवलीत, तिथं महिन्याच्या पहिल्या आठवड्यात नियमानं येणारा पैसा बहुतेक वेळा एकच होता. बायकोचा पगार. बँक, टेलिफोन, एलआयसी, महापालिकेची शाळा. त्याच घरांतला नवरा स्टेजवर उभा राहून "घरी सांगू नका हं" म्हणत होता.

एक प्रसंग सांगते, नावगाव न घेता. एका कीबोर्डवादकानं रोलंड कंपनीचा नवा कीबोर्ड घेतला होता. त्या रात्री कार्यक्रमात निवेदकानं त्याला छेडलं, "काय, वहिनींना माहितेय का?" त्यानं हात जोडून वर बघितलं आणि म्हणाला, "त्यांना वाटतंय हा भाड्याचा आहे." प्रचंड हशा. वहिनी तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या, त्याही हसल्या. मध्यंतरात मी त्यांच्या शेजारी बटाटावडा खात बसले होते. त्या शाळेत क्लार्क होत्या. मला म्हणाल्या, "आमच्या पतपेढीचं कर्ज काढलंय. कीबोर्डला देत नाहीत, म्हणून फॉर्मवर घरदुरुस्ती लिहिलं. दोन जामीनदारही मीच शोधले." मग रुमालानं हात पुसत म्हणाल्या, "हप्ता माझ्याच पगारातून कापतात, मला नाही माहीत असं कसं होईल?"

मला तुमच्यापुढे ठेवायचं आहे ते यातच आलं. हा विनोद हिशेबाची वही उलटी धरतो. जी पैसे भरते ती अडवणारी दाखवली जाते आणि ज्याच्यासाठी भरले जातात तो बिचारा, चोरून आनंद मिळवणारा. आता तुम्ही म्हणाल तो दुष्ट होता का? अजिबात नाही. माझ्या मते तो ओशाळलेला होता. "बायकोच्या पगारावर घेतला" हे पाचशे माणसांसमोर म्हणायला आपल्याकडे पुरुषाला फार जड जातं. बायकोला घाबरणारा नवरा व्हायला काहीच लागत नाही, उलट टाळी मिळते. तेव्हा त्यानं दोन लाजांमधली स्वस्त लाज निवडली. त्याची किंमत तिसऱ्या रांगेत वसूल झाली.

मी हे एका मित्राला सांगितलं. उत्तम तबला वाजवतो. तो म्हणाला, "बायका नाही का साडीची किंमत नवऱ्याला कमी करून सांगत?" सांगतात. माझ्या आईनं आयुष्यभर सांगितली. आणि भोंडल्यात वेड्या नवऱ्याची, खाष्ट सासूची टिंगल आम्ही लहानपणी फेर धरून केली आहे. पण भोंडल्याचा फेर ही अशी जागा होती जिथं सासू ऐकायला नसायची, निदान तसं मानलं जायचं. जिला घरात तोंड उघडायची सोय नव्हती तिचं ते तोंड होतं. आणि साडीची किंमत कमी सांगणाऱ्या बाईला पैसे मागावे लागत होते. कीबोर्डवाल्याला मागावे लागले नव्हते, त्याला आणून दिले होते. लपवाछपवी तीच दिसते, पण तिजोरीची किल्ली कुणाकडे आहे ते आधी बघा आणि मग हसा.

दुसरी गोष्ट माझ्या स्वतःच्या धंद्यातली. मी पेटीची साथ करते. असा विनोद सुरू झाला की बोलणारा नकळत खोलीत कोण कोण आहे ते ठरवून टाकतो. "आपल्या बायकांना काय कळणार" म्हणताना ‘आपल्या’मध्ये मी बसत नाही. मी पेटी उघडून, भाता सोडून बसलेली असताना साउंडवाल्यानं मला विचारलंय, "मॅडम, मिस्टर यायचेत ना? त्यांचा माइक किती उंच लावू?" माझे मिस्टर तेव्हा ठाण्याला मुलीचा अभ्यास घेत होते. त्यांना पेटीतली काळी कुठली आणि पांढरी कुठली एवढंच कळतं, तेही रंगामुळे.

तबल्याचं एक उदाहरण घ्या, कारण तिथं विनोद कसा तयार होतो ते उघडं दिसतं. पट्टी म्हणजे पेटीतली ज्या चावीचा स्वर गायक सा धरतो ती. पुरुष गायक साधारण काळी एक, पांढरी दोन अशा पट्टीत गातात. बायका काळी चार, काळी पाच. तबला षड्जाला, म्हणजे त्या सा-ला लावायचा, म्हणून पुरुषाच्या पट्टीला टीपेचा, म्हणजे उंच स्वराचा, लहान तोंडाचा तबला चालतो आणि बाईबरोबर ढाल्या, म्हणजे खालच्या स्वराचा, मोठ्या तोंडाचा लागतो. एकाच कार्यक्रमात दोघं गाणार असतील तर तबलजीला दोन तबले आणावे लागतात. मुंबईत लोकलनं येणाऱ्या माणसाला जास्तीचा तबला म्हणजे काय ते मला सांगायला नको. कुरकुर रास्त आहे. पण ती बाहेर येते कशी? "बाईंचं गाणं म्हणजे डबल ओझं." वास्तविक डबल ओझं पुरुष गायकामुळेही तेवढंच झालेलं असतं. आणि पुढची गंमत ऐका. पट्टी बदलली की तबला बदलून हातोडीनं जुळवायला तीन-चार मिनिटं जातात. ती भरून काढायची जबाबदारी निवेदकाची. तेवढ्यात त्याला बायकोवरचा विनोद आठवतो. म्हणजे गायिका माइकपाशी उभी, तिच्याच पट्टीसाठी तबला जुळतोय, आणि त्या मिनिटांत सभागृह हसतंय ते लाटणं घेतलेल्या बायकोवर. त्यानंतर तिनं भावगीत सुरू करायचं.

आणि तबला हे बाईचं वाद्य नव्हे असं ज्यांना अजून वाटतं त्यांनी याच शहरातल्या आबान मिस्त्रींची आठवण ठेवावी. जन्म 1940, निधन 2012. पारशी घरातली मुलगी, पंडित केकी जिजिनांकडे शिकली, एकल तबलावादन केलं आणि वर तबला-पखवाजाच्या घराण्यांवर हिंदीत जाडजूड ग्रंथ लिहिला. सरोदवर झरीन दारुवाला होत्या, हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगांत त्यांचा सरोद वाजलाय. तिकडे युरोपात तरी फार वेगळं होतं असं नाही. व्हिएन्ना फिलहार्मोनिक या नामांकित वाद्यवृंदानं 1997 पर्यंत एकाही बाईला सभासद करून घेतलं नव्हतं. ॲना लेल्केस या हार्पवादक त्याआधी वीसहून अधिक वर्षं त्यांच्याबरोबर वाजवतच होत्या.

अन्नपूर्णादेवींचं नाव काढलं की गप्पा कुठं वळतात? सतारवादक रविशंकरांशी झालेल्या त्यांच्या लग्नाकडे. कोण कुणावर जळत होतं, कुणी कुणाला वाजवू दिलं नाही. ज्यांनी त्यांचं सूरबहार, म्हणजे सतारीसारखं पण मोठं, खर्जातलं वाद्य, कधी ऐकलं नाही त्यांनाही ही माहिती असते. त्या इथं मुंबईत, दक्षिण मुंबईतल्या त्यांच्या घरात, 2018 मध्ये जाईपर्यंत राहिल्या, शिकवत राहिल्या. हरिप्रसाद चौरसियांनी त्यांच्याकडे नव्यानं शिकायचं म्हणून बासरी धरायचे हात बदलले, उजव्याचं डावं केलं. नाव झालेल्या वादकानं स्वतःच्या हाताची सवय मोडून पुन्हा पहिल्या सुरापासून सुरुवात करायची, ही गोष्ट मैफलीच्या मध्यंतरात कितीदा रंगवून सांगितली जाते? नवराबायकोचीच रंगते.

आता ‘छंद’ या गोष्टीकडे येते. संगीताच्या कुठल्याही क्लासात जा, गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षेच्या दिवशी केंद्रावर जाऊन उभे राहा. मुलीच मुली. स्टेजवर साथीला बघा. पुरुषच पुरुष. मधे काय होतं? लग्न होतं. मुलगी बघताना "गाण्याची आवड आहे" हा गुण असतो, घरात आल्यावर रियाज म्हणजे अडचण. दोन खोल्यांत सकाळी सहाला खर्ज कोण लावू देणार, त्या वेळी डबे भरायचे असतात. नवऱ्याचा रियाज मात्र चालतो, कारण ती साधना. ‘मुलांनो, बाबा वाजवताहेत, गप्प बसा’ हे सांगायला कुणीतरी घरात असतं.

जुन्या पेट्या बघायला मी दुकानांतून, दुरुस्तीवाल्यांकडे बरीच हिंडते. हा माझा रोग, आणि मिस्टरांना सगळ्या किमती ठाऊक आहेत. एका दुरुस्तीवाल्यानं मला एक पेटी दाखवली. सागवानी, साडेतीन सप्तक, डबल रीड. भाता पहिल्या दिवशीसारखा ताठ, पट्ट्यांवर बोटाची झीज नाही. मी म्हटलं, ही नवीच दिसते. तो कौतुकानं म्हणाला, "वीस वर्षांची आहे, ताई. लेडीजची पेटी. अजिबात वाजलेली नाही." जुन्या बाजारात हे त्या पेटीचं प्रमाणपत्र आहे! डॉक्टरनं वापरलेली गाडी म्हणतात तसं. झाकण उघडलं तर आत जुनी कात्रणं, एक हळदीकुंकवाची पुडी आणि मखराला लावायच्या चंदेरी झालरीचा तुकडा. म्हणजे पेटी कपाटावर होती आणि तिच्यावर गणपतीच्या सजावटीचं सामान.

आपण ज्या विनोदावर हसतो त्यात पुरुष वाद्यं घेत सुटतो आणि बायको अडवते. दुरुस्तीवाल्याच्या फळीवर बघाल तर न वाजलेली पेटी बाईची असते. मग घरात वाद्य नक्की कुणाचं अडलं?

हेच त्या दिवशी विचारून मी ती पेटी घेतली. आता एक विद्यार्थिनी वाजवते. पट्ट्या झिजायला लागल्यात.

प्रश्नोत्तरांना थोडा वेळ आहे असं म्हणतात. हं, तुम्ही, निळा शर्ट. (प्रश्न : "ताई, मग नवराबायकोवर विनोद करायचेच नाहीत का? निवेदकानं ती चार मिनिटं भरायची कशानं?")

जरूर करा. मी आत्ताच मिस्टरांवर केला, तुम्ही हसलात. त्यांनी घरी तालीम ऐकली आहे, दोन सुधारणाही सुचवल्या. ज्याच्यावर विनोद आहे त्याला तिसऱ्या रांगेत बसून उत्तर देता येत असेल तर बिनधास्त करा. पण तुमची अडचण मुळात वेगळी आहे, वेळेची. तेव्हा दोन्ही तबले आधी जुळवून ठेवा, किंवा सलग पुरुषांची गाणी आणि मग सलग बायकांची असा क्रम लावा. निम्मे विनोद आपोआप वाचतील. उरलेल्या वेळात आमच्यावर करा ना. पाश्चात्त्य वाद्यवृंदात व्हायोला, म्हणजे व्हायोलिनची थोरली बहीण, वाजवणाऱ्यांवरच्या विनोदांची अख्खी परंपरा आहे आणि ते निमूट सोसतात. आपल्याकडे पेटीवाले आहेत, गायकाच्या आधीच समेवर पोचणारे. पावसाळ्यात उतरलेला तानपुरा आहे. साउंडवाले आहेत. संयोजकांवरचे तर मला पाठ आहेत, पण माझं आजचं पाकीट अजून त्यांच्या खिशात आहे, तेव्हा ते चहाच्या वेळी सांगते.