सही खरी, माणूस भलताच

एकदा लॉगिन केलं की मेल, पगारपत्रक, रजेचा अर्ज, कोड सगळं उघडतं. याला म्हणतात सिंगल साइन-ऑन. ओळख पटवायचं काम एकाच सर्व्हरकडे असतं. 'हा अमुक माणूस' असा मजकूर तो एक्सएमएलमध्ये, म्हणजे माहिती खुणांमध्ये मांडायच्या एका ठरावीक भाषेत लिहितो, त्यावर डिजिटल सही करतो. बाकीची अ‍ॅप्स सही तपासतात आणि माणसाला आत घेतात. या पद्धतीचं नाव सॅमल. तिची 2.0 आवृत्ती 2005 सालची, आणि अजूनही जोरात चालू आहे.

[पडद्यावर एक ईमेल पत्ता उमटतो]

27 फेब्रुवारी 2018. ड्युओ या संगणक-सुरक्षा कंपनीतले संशोधक केल्बी लुडविग यांनी सॅमलमधली एक फट जाहीर केली.

समजा, हल्लेखोराने त्याच सर्व्हरवर स्वतःचं खातं उघडलं: साहेब@कंपनी.कॉम.चोर.कॉम. चोर.कॉम त्याच्याच मालकीचं, म्हणजे पत्ता वैध. तो स्वतःच्याच पासवर्डने लॉगिन करतो. सर्व्हर रीतसर सही करून देतो. आता हा मजकूर त्याच्याच ब्राउझरमधून पुढे जाणार असतो. तिथे तो पहिल्या 'कॉम'नंतर एक रिकामी एक्सएमएल कॉमेंट (मजकुरात न धरली जाणारी टीप) घुसडतो. बस, एवढंच.

मग सही मोडायला हवी ना? मोडत नाही. तपासणीआधी मजकूर एका ठरावीक साच्यात आणला जातो आणि त्यात कॉमेंट गळून पडतात. छेडछाड तपासणाऱ्याला दिसतच नाही. नाव वाचणारा कोड मात्र कॉमेंटपाशी थांबतो आणि तिच्या आधीचा तुकडाच उचलतो: साहेब@कंपनी.कॉम.

चोर थेट साहेबांच्या खात्यात! साहेबांचा पासवर्ड कुणी चोरलेलाच नाही, त्यामुळे तो बदलूनही उपयोग शून्य.

अ‍ॅप्स सॅमलसाठी तयार कोडचे संच, म्हणजे लायब्ररी वापरतात. वनलॉगिन कंपनीच्या पायथन आणि रुबी लायब्ररी, क्लेव्हर कंपनीची सॅमल लायब्ररी, शिबोलेथ हे लॉगिनचं सॉफ्टवेअर, सगळीकडे हाच घोटाळा निघाला. खुद्द ड्युओच्या एका उत्पादनातही. तेही त्यांनी यादीत टाकलं, हे मानायला हवं.

गणित कुठेच चुकलेलं नव्हतं. एकच मजकूर दोन ठिकाणी वाचला जात होता आणि दोन्हीकडे वेगळा लागत होता.

मार्च 2025 मध्ये रुबी-सॅमल, म्हणजे वरचीच रुबी लायब्ररी, पुन्हा चर्चेत आली. कारण जवळपास तेच. सही तपासताना ती दोन वेगळे पार्सर (एक्सएमएल वाचून उलगडणारे कोड) वापरत होती, आरईएक्सएमएल आणि नोकोगिरी. दोघांना वेगवेगळ्या सह्या दिसतील असा मजकूर रचता येत होता. संस्थेची एक खरी सही हाती लागली की हल्लेखोराला हव्या त्या नावाने आत शिरता येई. लायब्ररीची 1.18.0 आवृत्ती आली आणि तिच्यावर विसंबलेल्या गिटलॅब या कोड ठेवायच्या सेवेलाही पॅच, म्हणजे दुरुस्ती, काढावा लागला.