सरांना काय द्यायचं?

आजचा विषय ऐकून आधी हसू आलं. शेती शिकवणाऱ्या शिक्षकांचे आभार विद्यार्थ्यांनी कसे मानावेत, हे एका शेती शिकवणाऱ्यालाच विचारलंय! म्हणजे मी जे सांगेन ते थोडं मागितल्यासारखंच होणार. होऊ दे.

पुष्पगुच्छ नको, हे पहिलं. ज्या माणसानं वर्षभर रोप जगवायला शिकवलं, त्याच्या हातात देठ कापलेली फुलं द्यायची, हे मला कधी पटलं नाही.

आमची अडचण वेगळी असते. गणिताच्या शिक्षकाला उत्तर बरोबर आलं की नाही ते तासातच कळतं. आमचं उत्तर जमिनीत असतं आणि ते उगवून वर येईपर्यंत वर्ग पुढे गेलेला असतो. म्हणून आम्हाला सगळ्यात हवी असते ती बातमी. शिकवलेलं पुढे काय झालं?

अमेरिकेत मिशिगनच्या कृषी महाविद्यालयात विल्यम बील नावाचे प्राध्यापक होते. तण कितीही काढलं तरी परत येतंच, मग त्याचं बी मातीत जिवंत राहतं तरी किती वर्षं? हे शोधायला त्यांनी १८७९ साली २० बाटल्या पुरल्या. प्रत्येकीत ओलसर वाळू आणि २१ जातींच्या वनस्पतींच्या ५०-५० बिया. दर ५ वर्षांनी एक बाटली काढून बी रुजवायचं, असा बेत. बील गेले १९२४ मध्ये. पण प्रयोग एकाकडून दुसऱ्याकडे जात राहिला. मधलं अंतर १० वर्षांचं झालं, मग २० वर्षांचं. २०२१ मध्ये एक बाटली रात्रीच्या अंधारात उकरली, कारण उजेड लागला तर बी जागं होतं. आणि त्यातल्या काही बिया खरोखर उगवल्या! प्रयोग २१०० सालापर्यंत चालायचा आहे. मला विचाराल तर आभार मानावेत ते असे, सरांची वही बंद पडू न देता.

तुम्हाला बाटल्या पुरायला नकोत. स्वतः पिकवून राखलेल्या बियाण्याचं पाकीट द्या, पण त्यावर जात आणि काढणीची तारीख लिहा. शंभर बिया ओल्या कागदात गुंडाळून किती रुजल्या तो आकडाही लिहा. आकडा कमी आला तरी लाजू नका, खोटा मात्र लिहू नका. तण दाबून, वाळवून कागदावर चिकटवा. कुठल्या पिकात, कशा मातीत, कधी सापडलं ते खाली नोंदवा. असे चाळीस-पन्नास कागद म्हणजे पुढच्या वर्गाला शिकवायचं साहित्यच.

कलम द्यायचं असेल तर पहिलं जगलेलं द्या, सांधा वाकडा असला तरी चालेल. खुंट (खालचं मुळं असलेलं रोप) आणि काडी (त्यावर जोडलेली फांदी) यांच्या सालीखालचा हिरवा थर एकमेकांना भिडला की नाही, हे सर बोट फिरवून बघणारच. बघू द्या. तोच त्यांचा आनंद.

काही मुलं मिळून सिकेटरला, म्हणजे फांद्या छाटायच्या कात्रीला, धार लावून देतात, वाफ्यांवरच्या पुसट पाट्या नव्यानं रंगवतात. उत्तम. त्यावर मी जास्त बोलत नाही.

मला मिळालेल्या एका भेटीबद्दल मात्र सांगायलाच हवं. एका विद्यार्थिनीचं पत्र आलं होतं. 'सर, तुम्ही सांगितलं त्याच खोलीवर पेरलं. दुसऱ्या दिवशी पाऊस झाला, मग ऊन पडलं, मातीवर कडक पापडी धरली आणि कोंब खालीच मोडले. अर्धं शेत दुबार पेरलं.' रागही नव्हता त्यात, नुसती नोंद. खाली मातीचं वर्णन आणि मोडलेल्या कोंबांचं पेन्सिलीनं काढलेलं चित्र. तेव्हापासून मी पेरणीची खोली एकटी शिकवत नाही. आधी माती विचारतो, मग खोली सांगतो. ते पत्र माझ्या टिपणवहीत त्याच धड्याच्या पानाला टाचलेलं आहे, आणि दरवर्षी मी ते वर्गात वाचून दाखवतो.