दुसरा भाग वाचताना: फेराला काय सांगितलं गेलं आणि कधी

मंडळी, आज बोलायचं आहे ते सारा जे. मास यांच्या 'अ कोर्ट ऑफ मिस्ट अँड फ्युरी' या कादंबरीबद्दल. 2015 साली आलेल्या 'अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस'चा हा दुसरा भाग 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. कथानक शेवटपर्यंत उघड केल्याशिवाय या पुस्तकाबद्दल नीट बोलता येत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

दुसरा भाग हातात घेण्यापूर्वी पहिल्याचा शेवटचा तिसरा हिस्सा पुन्हा वाचा. नायिका फेरा ही माणसांतली मुलगी आपला प्रियकर, वसंत दरबाराचा स्वामी टॅमलिन, याला सोडवायला क्रूर राणी अमरँथाच्या डोंगराखालच्या दरबारात शिरते, तिथून शेवटपर्यंत. नुसत्या सारांशावर भागत नाही, कारण सारांशात घटना येतात, पण खुणा गळून जातात. तीन जागांवर खूण करा. फेराचा मोडलेला हात बरा करण्याच्या बदल्यात रात्र दरबाराचा स्वामी रायसँड तिचा दर महिन्याला एक आठवडा मागून घेतो, ती पहिली जागा. अमरँथाने घेतलेली दुसरी परीक्षा ही दुसरी: भिंतीवरचा मजकूर वाचता येत नसल्यामुळे फेरा तिथे जवळजवळ मरते. आणि तिसरी अगदी शेवटी, सज्जातली. निरोप घेताना रायसँड तिच्याकडे बघून दचकतो, मागे सरतो आणि नाहीसा होतो. पहिल्या वाचनात ही ओळ कुणाच्या लक्षात राहत नाही. दुसऱ्या भागाचा निम्मा डोलारा तिच्यावर उभा आहे.

आता दुसरा भाग. त्याची सुरुवात संथ आहे, अशी तक्रार सर्रास ऐकू येते आणि बरेच वाचक लग्नाच्या प्रसंगापर्यंत पानं चाळत जातात. तसं करू नका. या पानांत फेराची अवस्था शरीराच्या भाषेत मांडली आहे: रात्री दचकून उठणं, उलट्या, अंगावरचे कपडे सैल होत जाणं, चित्र काढणं बंद पडणं. शेजारी टॅमलिन असतो, पण तिच्या रात्रींबद्दल तो चकार शब्द काढत नाही. लग्नाच्या वाटेवर लाल पाकळ्या दिसतात आणि तिला रक्त आठवतं. हे सगळं वगळलं, तर पुढे टॅमलिन तिला घरात कोंडतो तेव्हा 'लेखिकेने त्याला मुद्दाम वाईट केलं' असं वाटू लागतं. ते खरं नाही. तिच्यासाठी परस्पर निर्णय घेण्याची त्याची सवय पहिल्या भागातच आहे; धोका वाढल्यावर तो तिला माणसांच्या मुलखात परत धाडतो, तो प्रसंग काढून बघा.

तरीही या वाचनात एक मोठी गफलत होते आणि तिच्यावर मला सर्वांत जास्त वेळ द्यायचा आहे. टॅमलिन कोंडणारा, रायसँड मोकळीक देणारा अशी सरळ वाटणी वाचक करून टाकतो. पुस्तक त्याहून अवघड आहे. वाचताना एक वही जवळ ठेवा आणि एवढंच टिपा: फेरापासून कोणती गोष्ट लपवली गेली, कुणी लपवली आणि तिला ती केव्हा कळली. मग दिसतं की रायसँडही लपवतो. माणसांच्या मुलखातल्या जंगलात शत्रूचा हस्तक असलेल्या अ‍ॅटॉरला पकडण्यासाठी तो तिचा आमिष म्हणून वापर करतो आणि ते नंतर कबूल करतो. विणकरीण नावाच्या भयंकर जीवाच्या झोपडीतून तो तिला अंगठी आणायला लावतो. ती अंगठी त्याच्या आईची आहे एवढं तो लगेच सांगतो, पण ती त्याच्या होणाऱ्या वधूसाठी राखलेली होती, हे तिला बऱ्याच उशिरा कळतं. आणि दोघांमधलं जन्मजोडीचं, म्हणजे नियतीने जुळवलेल्या जोडीचं, नातं त्याला सज्जातल्या त्या क्षणापासून माहीत असतं, पण ते फेराला कळतं सुरिएल या सगळं जाणणाऱ्या जीवाकडून, रायसँड विषारी बाणांनी जखमी होऊन पडलेला असताना.

फरक आहे तो पुढच्या वागण्यात. फेरा चिडून डोंगरातल्या घरी निघून जाते, तेव्हा तिला अडवलं जात नाही. ती एकटी राहते आणि पुन्हा रंग हातात घेते. चोपन्नाव्या प्रकरणात रायसँड आपली सगळी बाजू सांगतो. हे प्रकरण सावकाश वाचा. पहिल्या भागातली त्याची क्रूर कृत्यं, दारू पाजून तिला नाचवणं, मोडका हात पिळणं, यांचा खुलासा इथे त्याच्याच तोंडून येतो आणि ऐकणारी त्याच्या प्रेमात पडलेली असते. खुलासा पटला तरी तो एकतर्फी आहे, हे विसरू नये. पुष्कळ वाचक पंचावन्नाव्या प्रकरणातल्या शृंगाराच्या ओढीने इथे धावतात आणि नेमकी हीच पानं हातची जातात.

शृंगाराचा विषय निघालाच आहे तर सांगतो: तो उघड आणि सविस्तर आहे. सुरुवातीला ही मालिका किशोर-तरुण वाचकांच्या कप्प्यात विकली गेली. 2020 मध्ये नव्या मुखपृष्ठांसह ती प्रौढांसाठी म्हणून आली, आणि ते योग्यच झालं. शाळकरी मुलांना भेट देताना एवढं लक्षात असू द्या.

जादुई ग्रंथाच्या दोन अर्ध्यांचा शोध, उन्हाळी दरबारातली चोरी, माणसांच्या राण्यांशी बोलणी हा भाग वेगाने वाचला तरी चालेल. फक्त एक धागा सोडू नका. राण्यांचा विश्वास मिळवण्यासाठी व्हेलारिस हे लपवलेलं शहर त्यांना दाखवलं जातं आणि त्यामुळेच ते शत्रूला सापडतं. माहिती कुणाला द्यायची, हा प्रश्न इथे प्रेमकथेतून राजकारणात येतो.

सबंध कादंबरी फेरा 'मी' म्हणून सांगते. शेवटाकडे मात्र एक प्रकरण रायसँडच्या तोंडून येतं आणि त्यात कळतं की आदल्या रात्रीच तिला त्याच्या बरोबरीचं पद मिळालं होतं, रात्र दरबाराची स्वामिनी म्हणून. ती रात्र फेराने आपल्याला सांगितलेलीच नाही. वहीत आता शेवटची नोंद करा: या खेपेला लपवणारी फेरा आहे आणि अंधारात ठेवलेला आहे तो वाचक. मग हायबर्न या शत्रूराज्यातल्या प्रसंगाआधीची पानं पुन्हा उघडा आणि तिने निवेदनात ती रात्र कुठे गाळली, ती जागा शोधून काढा.