जेनकिन्सच्या स्क्रिप्टला पासवर्ड नको, टोकन द्या

स्क्रीनवर दिसतोय तो जेनकिन्स. कोड आला की बिल्ड करणं, म्हणजे त्यातून चालणारा प्रोग्रॅम बनवणं, टेस्ट चालवणं, सगळं पास झालं की सर्व्हरवर टाकणं, हे याचं काम. कोहसुके कावागुची यांनी सन मायक्रोसिस्टिम्समध्ये असताना हडसन नावानं सुरू केला, 2011 ला तो जेनकिन्स झाला.

आता याच्या पोटात काय काय असतं बघा, कोड जिथं राहतो त्या गिटच्या की, प्रॉडक्शनचे पासवर्ड, क्लाउडची क्रेडेन्शियल्स, आणि वर स्क्रिप्ट कन्सोल, तिथं ग्रूव्ही भाषेतली एक ओळ टाकली की ती थेट सर्व्हरवर चालते. आणि एवढं असून 2016 मध्ये 2.0 येईपर्यंत नवा जेनकिन्स टाकला की तो लॉगिन न विचारता सगळं उघडं ठेवायचा! आता सुरुवातीलाच सर्व्हरवरच्या फाइलमधला ॲडमिन पासवर्ड मागतो, हे फार बरं झालं.

ब्राउझरचं लॉगिन सोपंय. अडतं ते बाहेरून जेनकिन्सला बिल्ड सुरू करायला सांगणाऱ्या स्क्रिप्टपाशी. स्क्रिप्ट बेसिक ऑथेंटिकेशन वापरते, म्हणजे युजरनेम आणि पासवर्ड मध्ये कोलन टाकून जोडायचे, बेस64 या पद्धतीनं वेगळ्या अक्षरांत लिहायचे आणि रिक्वेस्टच्या हेडरमधून पाठवायचे, पण बेस64 म्हणजे एन्क्रिप्शन नाही, ते कुणीही उलटं फिरवून वाचतं. म्हणून जेनकिन्सच्या पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर लावून एचटीटीपीएस करा आणि जेनकिन्सचा 8080 पोर्ट बाहेरून बंद करा, यात तडजोड नको.

अजून एक, यात लोकांचा खूप वेळ जातो. एरवी सर्व्हर आधी 401 देतो, म्हणजे ओळख दाखवा म्हणतो, मग क्लायंट पासवर्ड पाठवतो. जेनकिन्स अनोळखी रिक्वेस्टला सरळ 403 देतो, म्हणजे परवानगी नाही म्हणतो, त्यामुळे विचारण्याची वाट बघणारा डब्ल्यूगेट हा कमांड लाइनचा प्रोग्रॅम पासवर्ड बरोबर असूनही बाहेरच राहतो. कर्ल या तसल्याच प्रोग्रॅमला युजरचा ऑप्शन दिला की तो पहिल्याच रिक्वेस्टमध्ये हेडर पाठवतो.

आणि पासवर्डच्या जागी एपीआय टोकन वापरा, म्हणजे स्क्रिप्टसाठी जेनकिन्सनंच बनवून दिलेला वेगळा गुप्त कोड. युजरच्या सेटिंगमध्ये बनवा, लगेच कॉपी करा, परत दिसत नाही. टोकन असलं की पोस्ट रिक्वेस्टला क्रम्बही लागत नाही, म्हणजे बनावट रिक्वेस्ट अडवायला जेनकिन्स एरवी मागतो तो कोड. फक्त टोकनला त्या युजरचे सगळेच हक्क मिळतात, त्यामुळे ॲडमिनचं टोकन स्क्रिप्टमध्ये टाकू नका, प्लीज. स्क्रिप्टसाठी वेगळा युजर काढा, मॅट्रिक्समध्ये, म्हणजे जेनकिन्सच्या हक्कांच्या तक्त्यात, त्याला फक्त वाचायचा आणि बिल्डचा हक्क द्या.

झालं की तपासा. बिल्डच्या पत्त्यावर टोकनसकट कर्लनं पोस्ट रिक्वेस्ट मारा, बिल्ड रांगेत लागला पाहिजे. काहीच न देता मारा, 403. टोकन रिव्होक, म्हणजे रद्द, करून पुन्हा मारा, आता 401 यायला हवा.