आठ पॅड, पाच दिवस

बहुतेक गावांत जिल्हा परिषदेची शाळा फार तर सातवी-आठवीपर्यंत. हायस्कूल मोठ्या गावात. मुलगी सकाळी नऊला मानव विकास मिशनच्या, शाळकरी मुलींसाठीच्या निळ्या बसने निघते, घरी पोचेपर्यंत सहा वाजतात. पॅड चार ते सहा तासांनी बदलावं लागतं. म्हणजे शाळेत एकदा तरी बदलायलाच हवं. तशी जागा नसेल, तर पाळीत ती घरीच थांबते. चिठ्ठीत कारण ठरलेलं: पोटात दुखतंय.

८ मार्च २०१८ ला राज्यात अस्मिता योजना आली. तेव्हा जिल्हा परिषद शाळेतल्या ११ ते १९ वर्षांच्या मुलींसाठी ५ रुपयांत ८ पॅड ठरले. हायस्कूल बहुधा खासगी संस्थेचं, म्हणजे तिथल्या मुली यात बसत नाहीत, हा भाग वेगळाच. आणि हिशोब मांडा: पहिले दोन दिवस चार-चार, मग तीन, दोन, दोन. झाले पंधरा. आठ पॅड दुसऱ्या रात्रीच संपले. पुढे जुन्या साडीची घडी.

घडी वाईट नाही. सुती हवी. आधी थंड पाण्यात धुवायची, गरम पाण्याने डाग पक्का होतो. मग साबण, मग कडक ऊन. घोडं अडतं ते उन्हापाशी. कुणाला दिसू नये म्हणून घडी परकराखाली वाळत घालतात. ती दमट राहते आणि खाज सुटते.

आता हे मुलींचं स्वच्छतागृह. दाराला कुलूप, किल्ली शिपायाकडे. मागायला गेलं की सगळ्यांना कळतं. आतून कडी नाही, म्हणून मैत्रीण दार धरून उभी. टाकी कोरडी. डबा नाही, म्हणून पॅड संडासाच्या भांड्यात जातं. आतलं जेल पाण्याने फुगतं, भांड्याखालच्या वाकात अडकतं, संडास तुंबतो. मग पुन्हा कुलूप.

काही शाळांत पॅड जाळायचं यंत्र आहे. विजेचा दाब कमी पडला की कॉइल नीट तापत नाही, पॅड अर्धवट जळतं आणि धूर वर्गात शिरतो. राखेचा ट्रे कुणी काढायचा, ठरलेलं नसतं. त्यापेक्षा झाकणाचा डबा, शेजारी पॅड गुंडाळायला रद्दी, आणि डबा रोज रिकामा करायला नेमलेला, त्याचे पैसे मिळणारा माणूस. कडीला फार खर्च येत नाही. किल्ली मुलींच्या वर्गातच खिळ्याला अडकवता येते. बाईंच्या कपाटात दोन पॅड आणि एक जादा सलवार असली, की ड्रेस डागलेली मुलगी मधल्या सुट्टीनंतरही वर्गात बसते.